हळू चालणारी मोटर

मशीन घ्यायचं ठरलं आणि ओळखीतल्या प्रत्येकाला मशीनमधलं कळायला लागलं. समोरचे छापखानेवाले सांगून गेले, घ्याल तर जपानीच घ्या. माझ्या भावाने फोनवर सांगितलं, चिनी घे, निम्म्यात येतं. सासरे म्हणाले, कुठलंही आणा, पण दसऱ्याला आणा. मला त्या दिवसांत मशीन नको होतं, झोप हवी होती.

कसबा पेठेत आमचं चामड्याच्या बॅगांचं दुकान. जुनी जागा पाडून बिल्डरने इमारत उठवली, तिच्यात आमच्या वाट्याला खाली एक गाळा आणि त्याच्यावरच दोन खोल्या आल्या. सासरे वकिलांच्या बॅगा करायचे, कॅमेऱ्याची घरं, पेटीचे पट्टे, कुणी सांगितलं तर घोड्याचा लगामसुद्धा. माझे यजमान त्यांच्याच हाताखाली शिकले. सगळी शिवण हाताची. आरीने भोक पाडायचं, मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, त्या समोरासमोरून एकाच भोकात घालायच्या आणि दोन्ही हातांनी दोरा ओढून घ्यायचा. यजमान जमिनीवर मांडी घालून, म्हणजे अर्धी मांडी घालून, तासन्‌तास बसत. बसल्या जागी ते पेठेतल्या कुणालाही हार जाणारे नव्हते. उठून उभं राहायची वेळ आली की मग अडचण होती.

त्यांचा उजवा पाय लहानपणी पोलिओने बारीक झाला होता. त्या पायात जाड तळाचा बूट असायचा. टाच टेकायची, पण पंजा त्यांच्या ताब्यात नव्हता. दाब म्हटलं तर दाबणार नाही आणि उचल म्हटलं तर उचलणार नाही. आमचं लग्न ठरवताना सासूबाईंनी माझ्या वडिलांना समोर बसवून सांगितलं होतं, "मुलाच्या पायात दोष आहे. आज सांगून टाकलं. आता हा विषय दोन्ही घरांत पुन्हा निघायचा नाही." वडिलांना हे बोलणं फार सरळ वाटलं, मलाही वाटलं. सासूबाई पुढे चार वर्षांनी गेल्या. त्यांची भांडी वाटली गेली, लुगडी वाटली गेली, नियम मात्र घरातच राहिला.

तो आम्ही पाळला, आणि किती पाळावा. त्यांच्याबरोबर रस्त्याने चालताना आम्ही सगळे दुकानांच्या पाट्या वाचत चालायचो, म्हणजे हळू चालायला कारण मिळायचं. अपंगाचा दाखला काढला असता तर बसमध्ये सवलत मिळाली असती, पण दाखला काढायचा तर तो शब्द कुणीतरी तोंडाने म्हणायला हवा. मुलगी चार वर्षांची असताना तिने एकदा विचारलं, बाबांचा एक बूट जाड का, तर तिला तीन मोठ्या माणसांनी एकदम खाऊ दिला. याला आम्ही समजूतदारपणा म्हणायचो. त्यात माझा वाटा मोठा होता आणि मला त्याचा अभिमानही होता.

तेव्हा खराडीच्या बाजूला काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या. तिथल्या एका कंपनीत नोकरी करणारी एक मुलगी तुटलेला पट्टा घेऊन आमच्याकडे आली. पट्टा होईपर्यंत बसली आणि समोर टांगलेली एक बॅग घेऊन गेली. महिन्याभरात तिच्या ऑफिसातल्या सहाजणी आल्या. मग ती स्वतःच परत आली. नोकरी सांभाळून मैत्रिणीबरोबर हँडबॅगा विकायचं तिच्या मनात होतं.

"काका, महिन्याला चाळीस जमतील? पण सगळ्या सेम हव्यात हं. मॉलमधल्या बॅगेशेजारी ठेवली तर आपली ऑड नाही वाटली पाहिजे."

यजमानांनी हो म्हणून टाकलं. दुकानात तेव्हा रेक्झिनच्या बॅगांपुढे आमच्या बॅगांना कुणी विचारत नव्हतं, नाही म्हणायची चैन आम्हाला नव्हतीच. पहिले दोन महिने त्यांनी हाताने केलं. सकाळी सातला बसायचे. मी स्वयंपाक, मुलीचा डबा, सासऱ्यांचं पथ्य उरकून खाली यायची आणि दोऱ्याला मेण लावत बसायची. दुसऱ्या महिन्यात त्यांची बोटं इतकी सुजली, की भात कालवताना चमचा लागायला लागला. आणि एवढं करून बॅगा झाल्या अठ्ठावीस. त्या मुलीने मोजल्या आणि एका बॅगेवरचे टाके दुसऱ्या बॅगेवरच्या टाक्यांशेजारी धरून बघितले. माणसाचा हात सकाळी वेगळा चालतो आणि संध्याकाळी वेगळा, हे तिला सांगून काय उपयोग होता? त्या संध्याकाळी मशीन घ्यायचं ठरलं.

कुठलं घ्यायचं हा प्रश्न नंतरचा होता. त्यावर बसणार कोण, हा खरा प्रश्न होता. यजमानांच्या हातात शिवण होती म्हणून ते कारागीर होते. शिवण गेली, की ते आपल्याच दुकानात 'या, बसा' म्हणणारे उरले असते. हे घरात सगळ्यांना कळत होतं आणि त्यावर कुणी बोलत नव्हतं, कारण बोलायला लागलं की दोन वाक्यांत पायापाशी पोचावं लागलं असतं.

रविवार पेठेत शिलाई मशीनच्या एका दुकानात आम्ही गेलो. मालक पेपर वाचत होते.

"चामड्याच्या बॅगांसाठी मशीन बघायचं होतं," यजमान म्हणाले.

"बघायचंय का घ्यायचंय?" पेपर तसाच.

"घ्यायचंय."

"मग बसा. बघणारे उभे असतात."

पण माणूस कामाचा होता. आधी त्यांनी एक सपाट पाटाचं मशीन दाखवलं आणि त्यावर मऊ चामड्याचा तुकडा शिवून दाखवला. टाके एकसारखे पडले होते. यजमानांनी मान हलवली आणि पिशवीतून आपले तुकडे काढले. ते घरून तीन प्रकारचे तुकडे घेऊन आले होते: अस्तर लावलेला एक, बॅगेच्या अंगाचा एक, आणि पट्ट्याचा चार पदरी जाड एक. "ह्यावर चालवा," ते म्हणाले. जाड तुकड्यावर सुई गेली, पण वरचा पदर खालच्यापेक्षा तांदळाएवढा पुढे सरकला. यजमानांनी तो तुकडा मालकांच्या पेपरावर ठेवला. मालकांनी पहिल्यांदा पेपर बाजूला केला.

"मग तुम्हाला हे दुसरं लागेल," ते म्हणाले आणि शेजारच्या मशीनवरचं कापड काढलं. "ह्यात नुसते खालचे दाते कापड ओढत नाहीत. सुईपुढचा हा वरचा पायही चालतो. पाय चालणारा असला की चामडं सरकत नाही."

मी उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधायला लागले. यजमान खाली वाकून दाते बघत राहिले.

त्यानंतर आम्ही आणखी तीन वेळा गेलो. सपाट पाटावर बॅगेचं अंग शिवता येतं, पण तळ आणि बाजू जोडायच्या वेळी बॅग उभी झालेली असते, ती पाटावर मावत नाही, हे दुसऱ्या खेपेला यजमानांनीच ओळखलं. मग मालकांनी तिसरं मशीन दाखवलं. ह्याला पाट नव्हता, नुसता नळीसारखा हात पुढे आलेला, बॅग त्या नळीवर बाहीसारखी चढवायची आणि गोल फिरवत शिवायची. ते मशीन यजमानांना इतकं आवडलं, की ते एका बाजूने चाक हाताने फिरवत एकेक टाका पडताना बघत राहिले. मी त्यांना इतकं खुशीत लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं. सुई किती जाड, दोरा कुठला, खालच्या बॉबिनमध्ये किती मावतो, सुई तुटली तर आत काय बिघडतं, सगळं विचारून झालं. मालक शेवटी म्हणाले, "तुम्ही मशीन घेताय का मुलगी बघताय?"

एक मात्र झालं नाही. मशीनपुढच्या स्टुलावर ते एकदाही बसले नाहीत. चालवून बघायची वेळ आली, की म्हणायचे, "तू बस." मला घरच्या मशीनवर ब्लाउज शिवायची सवय होती, म्हणून मी बसायची. पेडलवर पाय टेकवला न टेकवला तोच ते मशीन असं धावायचं, की मी दोन्ही हात उचलून घ्यायची. मालक हसायचे, यजमान हसायचे, मीही हसायची. ते मशीन उजव्या पायाने पळवायचं होतं. चामडं धरून ठेवणारा सुईपुढचा दाब उचलायचा तोही उजव्या गुडघ्याने, खालून आलेली दांडी बाजूला ढकलून. हे आम्ही दोघांनी चार वेळा बघितलं आणि चार वेळा बसने घरी आलो. बसमध्ये आम्ही सुयांबद्दल बोललो.

चौथ्या खेपेला नळीचं मशीन पक्कं झालं. तेव्हा मालकांनी विचारलं, "मोटर कुठली लावू? क्लचची हजर आहे. पाय ठेवला की धावते, बघितलंच तुम्ही. दुसरी नवीन निघालीय, सर्व्हो. ती हळू चालवता येते, म्हणाल तर एकेक टाका घालते. पेडलही पाहिजे त्या बाजूला घेता येतं. पण ती मागवावी लागेल, दसऱ्यानंतर येईल."

'पाहिजे त्या बाजूला' म्हणताना त्यांची नजर जाड बुटावर गेली आणि लगेच परत पेपराकडे वळली. तेही पुण्याचेच.

यजमान सुयांच्या पुडीवरचा आकडा वाचत राहिले. मी भिंतीवरच्या पंख्याकडे बघत राहिले. दुकानात दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं, असतं तर निदान ते तरी मध्ये बोललं असतं.

"दसऱ्याला घरात यायला हवं," यजमान म्हणाले. "साधीच लावा."

दसऱ्यानंतर वीस दिवसांनी पाडवा येतो. साडेतीन मुहूर्तांतला तोही एक, अर्धा का होईना. 'पाडव्याला आणू' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, पायाचं नावसुद्धा काढावं लागलं नसतं. सासरेही काही म्हणाले नसते. आणि हे मला नंतर सुचलं असंही नाही. तिथेच, पंख्याकडे बघताना सुचलं होतं. नंतर सुचलं असतं तर आज इतकं लागलं नसतं.

मशीन दसऱ्याला हातगाडीवरून आलं. चार हमालांनी ते गाळ्यात चढवलं. सासऱ्यांनी कुंकवाने स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, शेजारी आरी, चामडं तासायची रापी, कात्र्या मांडून सगळ्यांची पूजा केली. मग यजमानांना म्हणाले, "बस. पहिला टाका तू घाल."

"आज हत्यारांची पूजा झाली, दादा. आज चालवायचं नसतं," यजमान म्हणाले. सासऱ्यांना मुलाचं हे शास्त्र फार पटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून घेतलं. मी वर पोळ्या करत होते. खालून आवाज यायचा, एकदम घर्रर्र, आणि थांबायचा. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा घर्रर्र. आवाज वर ऐकू जातोय हे त्यांना कळत असेल, म्हणून मी मुद्दाम भांडी वाजवली. चार दिवस असंच चाललं. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी केर काढायला खाली गेले तर केराच्या डब्यात चामड्याचे तुकडे होते. प्रत्येकावर सुरुवातीचे तीन-चार टाके सरळ आणि पुढे शिवण तुकड्याच्या बाहेर पळालेली. स्टूल मशीनच्या समोर नव्हतं, उजव्या बाजूला तिरकं सरकवलेलं होतं. डाव्या पायाने प्रयत्न करून झाला होता, हे त्या स्टुलावरून कळत होतं. मी स्टूल सरळ केलं नाही. तसंच ठेवून केर काढला.

पाचव्या दिवशी ते जेवताना म्हणाले, "तू बसून बघ जरा. तुझा हात हलका आहे."

मशीन हाताने चालत नव्हतं, हे आम्हा दोघांना माहीत होतं. मी बरं म्हटलं.

मला ते ताब्यात यायला दीड महिना लागला. एकदा सुई तर्जनीच्या नखातून आरपार गेली. यजमानांनी चाक उलटं फिरवून ती बाहेर काढली, त्यांचा हात जरासुद्धा हलला नाही. नंतर सवय झाली. सवय कशाचीही होते, हे लोक कौतुकाने म्हणतात. मला त्यात कौतुक कधी दिसलं नाही. पहाटे साडेपाचला उठायचं, वरचं सगळं उरकायचं, दहाला मशीनवर बसायचं, एकला वर जाऊन वाढायचं, पुन्हा बसायचं ते दिवेलागणीपर्यंत. कंबर गेली, उजवा गुडघा गेला, कानात तो आवाज सुटीच्या दिवशीही राहायचा. पोळीत दोऱ्याचं टोक निघालं, तर ते कुणी दाखवायचं नाही, गपचूप बाजूला ठेवायचं. अकरा वर्षं मी त्या स्टुलावर बसले.

आणि यजमान माझ्या शेजारी. ते चामडं कापायचे, रापीने काठ पातळ करायचे, सोल्युशन लावून पदर चिकटवायचे आणि एकेक भाग माझ्या हातात द्यायचे. ह्या कामांवरच बॅग उभी राहते. काठ जाड राहिला तर मशीन कितीही महागाचं असो, शिवण वाकडीच जाणार. पण गिऱ्हाइकाला ते दिसत नाही. गिऱ्हाइकाला टाके दिसतात. लोक दारात उभे राहून बघायचे आणि म्हणायचे, वहिनींचा काय हात बसलाय. यजमान म्हणायचे, "हो, शिवण त्याच करतात." कुणी मुद्दाम जुन्या पद्धतीची, हाताने शिवलेली बॅग मागितली, तर ते म्हणायचे, आता आम्ही ते करत नाही. आरीला वर्षातून एकदा दसऱ्याला झेंडू मिळायचा. त्यांचं बोलणं कमी कमी होत गेलं. सासरे गेल्यावर तर दुकानात दिवस दिवस मशीनशिवाय कुणी बोलत नसे.

त्या खराडीच्या मुलीचा धंदा चांगला चालला. तिने नोकरी सोडली नाही, पण बॅगांबरोबर एक छोटं कार्ड द्यायला लागली, त्यावर मी मशीनवर बसलेली, असा फोटो. एका वर्षी महिला दिनाला तिने तिच्या कंपनीत माझा सत्कार ठेवला. एवढं मोठं ऑफिस मी आतून पहिल्यांदा बघितलं. एसीने हातपाय गार पडले. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेल्या शंभरएक मुली टाळ्या वाजवत होत्या. शाल दिली, नारळ दिला, "काकू, यू आर अ‍ॅन इन्स्पिरेशन" असं दोघी-तिघी म्हणाल्या. यजमान शेवटच्या रांगेत बॅगांचे खोके मांडीवर घेऊन बसले होते. मला त्या दिवशी फार छान वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. घरी येताना रिक्षात मी शाल काढली नाही, आणि मार्च महिना होता.

आणखी एक लिहायचं राहतंय, ते लिहूनच टाकते. त्या सत्काराच्या थोडं आधी, म्हणजे मशीन येऊन सहाएक वर्षं झाली असतील, मी दोरा आणायला पलीकडच्या गल्लीतल्या जीन्सच्या कारखान्यात गेले होते. तिथे एक बाई शिवत होती आणि मशीनचा आवाजच नव्हता. ती पेडलवर पाय ठेवायची, एक टाका पडायचा आणि मशीन थांबायचं. मी तिला विचारलं, तर म्हणाली, सर्व्हो आहे, आता सगळीकडे हीच असते, हजर मिळते. मी दोरा घेतला आणि घरी आले. यजमान काठ पातळ करत होते. मी त्यांना दोऱ्याचा भाव सांगितला. मोटरचं सांगितलं नाही. स्वतःची समजूत घातली, की घरचा नियम आहे, विषय कसा काढायचा. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की तोवर मला ते स्टूल आपलं वाटायला लागलं होतं. रोज त्याला शिव्या देत मी त्यावर बसायची, आणि तरी ते दुसऱ्या कुणाला द्यायची वेळ आली असती तर मला आवडलं नसतं.

अकराव्या वर्षी मोटर जळली. नेहमीचा दुरुस्तीवाला गावाला गेला होता, म्हणून कुणीतरी येरवड्याहून एकाला पाठवलं. अमरावतीकडचा माणूस, पन्नाशीचा, स्कूटरच्या डिकीत अख्खं वर्कशॉप. तो आत शिरला तशी त्याला जागा द्यायला यजमान उठले आणि दोन पावलं चालले. त्याने पाहिलं.

"भाऊ, पाय पोलिओचा हाये काय?" त्याने विचारलं आणि पान्हा शोधायला लागला.

मी बॉबिन भरत होते, तो हात तसाच राहिला. पंचवीस वर्षांत तो शब्द यजमानांसमोर कुणी उच्चारला नव्हता.

"हो," यजमान म्हणाले.

"मंग हे मशीन तुम्ही नाही चालवत?"

"नाही. ह्या चालवतात."

"काहून?"

उत्तर त्याला नकोच होतं. तो मशीनखाली पालथा पडून मोटरचे नट सोडवत बोलत होता. "हे तर जळलीच. आता सर्व्हो बसवतो. पेडल डावीकडं घेतो, दाब उचलायची साखळीबी डावीकडंच टाकतो. मंग तुम्हीबी चालवसान. माझा साळा हाये ना, त्याचा तर पायच नाही उजवा, तो चालवते." खालून बाहेर येऊन त्याने हात पुसले. "उद्या येतो. अर्ध्या दिवसाचं काम हाये."

दुसऱ्या दिवशी तो आला, आणि अर्धा दिवससुद्धा लागला नाही. चहा पिऊन साडेबाराला गेला.

तो गेल्यावर यजमानांनी स्टूल हाताने पुसलं आणि बसले. समोर, सरळ. आधी एक फाटका तुकडा घेतला. डावा पाय टेकवला, एक टाका पडला. पाय उचलला, मशीन थांबलं. पुन्हा एक. मग चार. मग त्यांनी तो तुकडा टाकून दिला आणि अर्धवट राहिलेली बॅग नळीवर चढवली. तळाच्या कोपऱ्यापाशी आले, सुई खाली ठेवली, दाब उचलला, बॅग वळवली आणि पुढे गेले. त्या कोपऱ्यात माझा नेहमी एक टाका लहान पडायचा. त्यांचा पडला नाही. तासाभरात ते माझ्यापेक्षा चांगलं शिवायला लागले. न लागायला काय झालं, चामडं कुठे कसं वागतं हे त्या हातांना जन्मभर माहीत होतं. मी मागे उभी राहून बघत होते. माझी सुटका झाली होती, कमरेची, गुडघ्याची, सगळ्याचीच. हायसं वाटायला हवं होतं. मला राग आला होता. कुणावर, ते ठरत नव्हतं.

"त्या दिवशी रविवार पेठेत," ते मान वर न करता म्हणाले, "मला वाटलं होतं, तू काहीतरी म्हणशील."

"मी?" माझा आवाज चढला. "पाय तुमचा. तुम्ही म्हणायचं होतं."

"हो," ते म्हणाले. "म्हणायला हवं होतं."

दोन-तीन टाके पडले. मी गप्प बसायला हवं होतं, पण राग उरला होता. "बरं, तेव्हा नाही तर नाही. नंतर अकरा वर्षं होती. एक दिवस सांगायचं होतं, की मोटर बदलू. मी नाही म्हटलं असतं का? मी इथे हाडं झिजवत होते."

त्यांनी सुई खाली ठेवली आणि बॅग वळवली.

"जीन्सच्या कारखान्यात दोरा आणायला मीही जायचो, तिथली मोटर बघितली होती," ते म्हणाले. "पण तुला आवडायला लागलं होतं."

माझ्या तोंडाशी सगळं आलं. कंबर आली, गुडघा आला, नखातून गेलेली सुई आली, पहाटेचे साडेपाच आले. यातलं एकही खोटं नव्हतं. पण मला त्यांना नाही म्हणायचं होतं, आणि ते काही केल्या म्हणता येईना. ते वाट बघत होते असंही नाही. त्यांनी मशीनकडेच बघत डावा हात मागे केला. सोल्युशन लावून वाळवत ठेवलेला पट्टा मी उचलला आणि त्यांच्या हातात दिला.